फ्रिजची विश्रांती

"घरातली गोष्ट घरातच राहिली पाहिजे, कुणाला कळता कामा नये," असं सासूबाईंनी सुनेला बजावलं, तेव्हा त्यांचा आवाज जिन्यापर्यंत पोचत होता. टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार आता सोपे आणि स्वस्त झाले होते. म्हणजे नर्सचं काम सुनेच्या गळ्यात पडलं होतं आणि दवाखान्याचं कपाट यांच्या फ्रिजमध्ये येऊन बसलं होतं. सून रोज सकाळी स्वतःच पोटात सुई टोचून ऑफिस गाठायची. मुलगा धीर द्यायला शेजारी उभा असायचा. डोळे गच्च मिटून.

स्वस्ताईला सासूबाईंनीही हातभार लावला. घर रिकामं झालं की त्या फ्रिज बंद करत. दार उघडलंच नाही तर गारवा जाईल कुठे, हा त्यांचा सिद्धान्त.

एका दुपारी मुलगा अवचित घरी आला.

"आई, पाणी कोमट कसं?"

"जरा विश्रांती दिलीय रे फ्रिजला."

"अगं, त्यात इंजेक्शनं आहेत! गारवा गेला की औषध फुकट. सगळं पुन्हा पहिल्यापासून!"

नातवंडाचं तोंड बघणं आपणच लांबवलं की काय! फ्रिजमधला सुनेचा चिकटपट्टी लावलेला डबा सासूबाईंनी छातीशी धरला. मुलाने आधी बायकोला फोनवर 'लगेच घरी ये' एवढंच सांगितलं, मग दवाखान्याला फोन लावला. स्वस्ताईपायी तिथेही माणूस उरला नव्हता; फोनमधून नुसतं 'एक दाबा, दोन दाबा' ऐकू येत होतं.

"बाई बोलतेय ना? मग तिलाच विचार!"

"रेकॉर्ड आहे ती, आई!"

"जळलं मेलं!" म्हणत सासूबाई जिन्यात धावल्या. "बर्फ आहे का हो? सुनेची टेस्ट ट्यूबची औषधं तापलीत! कुणाला सांगू नका हं!" दर मजल्यावर हेच, त्याच पट्टीत. बघता बघता जिना बर्फाने, बादल्यांनी आणि सल्ल्यांनी भरला. निवृत्त हेडमास्तर तर डबा कुठल्या दिशेला ठेवावा तेही सांगू लागले.

एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "कशाला जीव काढताय? औषधं पहिल्या दिवसापासून माझ्या फ्रिजमध्ये आहेत. दुधाच्या निमित्ताने रोज येऊन नेते ती. आमचा फ्रिज दुपारी झोपतो, म्हणाली."

"मग हा डबा?"

"चॉकलेटं आहेत माझी," धापा टाकत जिना चढणारी सून म्हणाली. "विरघळली असतील."

"अगं, पण मला का नाही सांगितलंस?" सासूबाई उसळल्या.

सुनेने बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बिऱ्हाडांवरून नजर फिरवली.

"तुम्हीच म्हणालात ना, कुणाला कळता कामा नये?"