जलद बसमधले रुमाल

अमरावतीहून दर्यापूरमार्गे अकोल्याला माणसांना बसने जायचे असते, ही बाब शासनाच्या निदर्शनास आली. निदर्शनास आल्यावर काहीतरी करणे भागच असते. म्हणून अमरावतीत 'वऱ्हाड जलद बस प्रकल्प कक्ष' उघडण्यात आला. कक्षात एक खोली, एक पंखा आणि धर्मपाल नावाचा कारकून होता. बाकीचा कक्ष अभ्यासदौऱ्यावर असे.

धर्मपालची माय चतुराबाई दर्यापूरजवळच्या खेड्यात राहायची. गुडघ्यांनी तिचा जीव मेटाकुटीला आणला होता. अकोल्याचे डॉक्टर शेक द्यायचे, तेव्हा कुठे ती घरात हिंडू-फिरू शकायची. पण साध्या बसमध्ये उभ्याने जावे लागले की शेकाचा गुण घरी पोचायच्या आतच उतरायचा. नव्या बसमध्ये मायला टेकायला एक सीट मिळावी, इतकाच धर्मपालचा या प्रकल्पात स्वार्थ होता. सरकारी प्रकल्पात इतका लहान स्वार्थ घेऊन शिरणाऱ्या माणसाचे काय होते, ते आता बघा.

अभ्यासदौऱ्यांतून मौलिक निष्कर्ष निघाले. बस उशिरा पोचते, कारण ती थांबते. आणि ती थांबते, कारण प्रवासी चढतात-उतरतात. तेव्हा आधी वाटेतले लहान थांबे काढले. मग रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी मार्गिका आखली आणि तिच्यात उंच चौथऱ्यांची स्थानके बांधली. चढायला पायऱ्या केल्या. म्हाताऱ्यांसाठी शेजारी उतारही मंजूर होता, पण तो किती उतरता असावा यावर दोन खात्यांचे जमेना, म्हणून तो राहिला. शेवटी साध्या बस बंद केल्या. जलद बस असताना हळू बसने जाणे हा प्रकल्पाचा अवमान आहे, असे प्रकल्पप्रमुख केशवराव यांचे मत पडले. मार्गिकेलगत जीपगाड्यांना थांबायचीही बंदी झाली.

उद्घाटनाचा दिवस आला. आता इकडची एक रीत सांगितली पाहिजे. बस फलाटाला लागते न लागते तोच आपला माणूस खिडकीतून आत रुमाल टाकतो, दुपट्टा टाकतो, काहीच नसले तर टोपी टाकतो, आणि मग सावकाश, पान थुंकून वगैरे, वर चढतो. सीट त्याची. या रुमालाला वऱ्हाडात सातबाऱ्याचा मान आहे. बांधावरून भाऊ भावाचे डोके फोडील, पण दुसऱ्याचा रुमाल उचलून बसणार नाही. त्या दिवशी मान्यवर बरेच येणार होते आणि कोण कुठे बसणार ते ठरत नव्हते, म्हणून केशवरावांनी धर्मपालला तोंडी हुकूम दिला की सगळ्याच सीटवर रुमाल टाकून ठेवा. धर्मपालने टाकले. मान्यवर आले, झेंडा दाखवला, फोटो काढले आणि आपापल्या मोटारीतून अकोल्याला गेले, कारण त्यांना वेळेवर पोचायचे होते. मागून बस रुमाल घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी रुमाल तिथेच. कंडक्टर कुलदीप त्यांना हात लावीना. धर्मपालने समजावून पाहिले, तर तो म्हणाला, "साहेब, कोनता रुमाल कोनाचा हाये, मले काय मालूम? उचलला अन् नेमका मोठ्या मानसाचा निंघाला, तं माही नोकरी तुमी देसान का?" धर्मपाल केशवरावांकडे गेला. केशवरावांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे विचारले, "ठेवण्याचा आदेश तोंडी होता. तोंडी ठेवलेली वस्तू लेखी कशी उचलायची?" धर्मपाल आपल्या खोलीत परतला आणि पंखा लावून बसला. यावर तुम्हालाही उत्तर सुचणार नाही.

इकडे बसमधले कॅमेरे आपले काम चोख करत होते. ज्या सीटवर काहीतरी आहे ती भरलेली, असे त्यांना शिकवले होते. अहवाल आला की बस पूर्ण भरून धावते आहे. उभ्याने प्रवास करायला जलद बसमध्ये मनाई होती, तेव्हा कुलदीपने स्थानकावरच्या लोकांना हात जोडून सांगायचे की सीट फुल्ल आहे, आणि दार लावायचे. कोणी चढेना, कोणी उतरेना, त्यामुळे बस ठरल्याच्या आधी अकोल्याला पोचू लागली. प्रकल्पाला बक्षीस मिळाले.

बक्षिसाची बातमी पेपरात आली आणि लोकांचे डोळे उघडले. इतक्या मागणीच्या बसमध्ये आपला रुमाल नाही म्हणजे काय? डॉक्टर आले, अडत दुकानदार आले, कॉलेजचे प्राध्यापक आले. जायचे कोणालाच नव्हते, साऱ्यांकडे गाड्या होत्या, पण असू द्यावा एक, पुढेमागे पेट्रोल महागले तर! वातानुकूलित बसच्या खिडक्या उघडत नसल्याने कक्षाने 'रुमाल स्वीकृती खिडकी' सुरू केली आणि तिच्यामागे धर्मपालला बसवले. सीट आधीच भरलेल्या होत्या, म्हणून नवे रुमाल जुन्यांवर ठेवले जात. कर्मचाऱ्याने स्वतःच्या नातेवाइकाचा रुमाल घेऊ नये असा नियम निघाला होता. तो एकट्या धर्मपालने पाळला, येडा कुठला.

पावसाळा सरता सरता चतुराबाईचा गुडघा इतका सुजला की तो वाकेचना. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, आता आणलं नाही तर कायमची अंथरुणाला खिळेल. धर्मपालने रजा टाकली. मोटरसायकलवर ती बसू शकत नव्हती, जीपच्या दाटीत तिचा ताठ पाय मावत नव्हता आणि अकोल्यापर्यंत ऑटोवाला येईना, म्हणून तो तिला ऑटोने दर्यापूरच्या स्थानकाशी घेऊन आला. चौथऱ्याच्या पायऱ्या ती बसून चढली, एकेक करत, लुगडे सावरत. वर माणसांची ही गर्दी. रोज बस बघायची आणि मग दूर चालत जाऊन जीप धरायची, हा त्यांचा आता शिरस्ताच झाला होता.

बस आली. कुलदीपने दार उघडले, चतुराबाईकडे पाहिले आणि तोंड दुसरीकडे फिरवले. धर्मपालने पुढच्या सीटवरची रुमालांची चळत उचलली आणि मायला बसवले. तिने पाय लांब केला. "गार लागून राहिलं बाप्पा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी धर्मपालला तिचा चेहरा सैल झालेला दिसला.

तेवढ्यात चौथऱ्यावरून शेषराव गुरुजी पुढे आले. धर्मपालला त्यांनीच शाळेत शिकवलेले. भला माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ते दारात उभे राहून समजुतीच्या सुरात म्हणाले, "धर्मपाल, बुढी बसली त्याचं दुःख नाई. पन आज तू ह्यायचा उचलला, तं उद्या कोनी आमचा उचलीन."

"गुरुजी, तुमी या बसमंदी कवा बसले तरी का?"

"बसाचं काय हाये त्यात? रुमाल तं हाये ना."

मागची सारी गर्दी माना हलवू लागली. प्रत्येकाचा एक होता. ओळखीने, वशिल्याने, कोणाचा खालून दुसरा, कोणाचा वरून चौथा. आणि त्यातले निम्मे धर्मपालने आपल्या हाताने घेतलेले. कोणी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. फक्त दारासमोरून कोणी हलेना, आणि बसला उशीर होऊ लागला.

शेवटी चतुराबाईच उठली. "चाल बाप्पा," ती लेकाला म्हणाली, "लोकाईची जागा हाये." मग मात्र चार जणांनी तिला अगदी जपून खाली उतरवले. गुरुजींनी स्वतः तिची पिशवी धरली. कुलदीपने रुमाल पुन्हा होते त्याच क्रमाने लावले आणि बस अकोल्याला वेळेआधी पोचली.

चतुराबाई त्यानंतर अकोल्याला गेली नाही. ती आता खाटेवरून दारापर्यंतही जात नाही. धर्मपाल खिडकीमागे बसतो आणि रुमाल घेतो.

तुम्हाला त्या गर्दीचा संताप आला असेल. यायलाच हवा, तुम्ही सुशिक्षित माणसे. कपाळावर घामही आला असेल. पुसा की. खिसा कशाला चाचपता?