बाईंनी दिलेले तीन हजार फेरे

एका जंगलात, मुलांनो, साळिंदरबाई नावाच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत असत. या गोष्टीत एक इंजिन फुटते. ते फुटेल अशा बेताने चालविण्याची लेखी परवानगी बाईंनीच दिली होती. सही त्यांची, शाई त्यांची आणि लेखणीही त्यांच्याच पाठीवरची. हे प्रारंभीच सांगितलेले बरे. एरवी तुम्ही दुसऱ्या कोणावर तरी संशय घेतला असता, आणि तो बहुधा गरीब निघाला असता.

बाईंनी छत्तीस वर्षे शिकविले. छत्तीस वर्षांत त्यांनी कोणालाही एक गुण वाढवून दिला नाही. वाघाच्या बछड्याला गणितात चौतीस गुण पडले, तेव्हा वाघ स्वतः शाळेत आला होता.

बाईंनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "पालकसभेला का आला नव्हतात?"

वाघ परत गेला. बछडा नापासच राहिला.

जंगलात कोल्ह्याच्या शब्दावर कोणी विसंबत नसे आणि सरपंचांच्या शब्दावर तर कोल्हाही विसंबत नसे. परंतु बाईंनी दिलेल्या गुणांवर सर्वांचा विश्वास होता. वय झाल्यावर बाईंपाशी दात उरले नाहीत, दृष्टी पूर्वीची उरली नाही. हा विश्वास तेवढा उरला होता.

त्याच जंगलात पराग नावाचा बिबट्या होता. बाईंच्या वर्गात तो नेहमी पहिला येई. मोठा झाल्यावर त्याने मोटारगाडी घेतली. बिबट्याला पळण्यासाठी गाडी लागत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. ते त्याच्या लक्षात आले नव्हते.

गाडी बरी होती. परागने तिला शहरातून कलिंगडाएवढा टर्बो आणून बसविला. टर्बो म्हणजे काय, हे ठाऊक नसेल, तर ऐका. इंजिन हवा आणि इंधन खाते. टर्बो त्याच्या तोंडात आणखी हवा कोंबतो, पंगतीत जावयाला आग्रह करतात तशी. जावई अधिक खातो आणि अधिक जोर दाखवितो. काही काळ.

हे काम तुळशीराम नावाच्या खवले मांजराने केले. तुळशीराम जंगलातील एकमेव मेकॅनिक होता. त्याने टर्बो बसविला; मात्र फेऱ्यांच्या मर्यादेला हात लावला नाही. ते इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे फिरे. तेथे डायलवर तांबडी रेघ होती. काटा रेघेवर आला, की लिमिटर नावाचा पहारेकरी इंधन तोडी.

"हा पहारेकरी हटव," पराग म्हणाला. "नऊ हजार पाहिजेत. रविवारी घाटात शर्यत आहे."

"परागशेठ, टर्बोनं जोर वाढलाय, पण आतले पिस्टनला धरून ठेवणारे कनेक्टिंग रॉड जुनेच आहेत. ते आधीच कण्हतायत. त्यात फेरे वाढवले तर त्यांचे बोल्ट तुटतील."

"मग बोल्टांना सांग, सवय करून घ्या."

"आणि सहा हजारांच्या पुढं या इंजिनाचा जोर वाढतच नाही. नुसता आवाज वाढतो."

"अरे, लोक घाटाच्या कडेला बसणार. त्यांना जोर दिसतो का? आवाज ऐकू येतो!"

तुळशीरामाने पाना खाली ठेवला. त्याला एक युक्ती सुचली.

"बाईंची सही आणा," तो म्हणाला. "बाईंनी नऊ हजार दिले, की मी लगेच करतो."

एवढे बोलून तो निश्चिंत झाला. बाईंनी त्याला स्वतःला गणितात दोन गुणांनी नापास केले होते. ज्या बाईंनी आपल्याला दोन गुण दिले नाहीत, त्या बाई इंजिनाला तीन हजार कोठून देणार? बाईंच्या कडकपणावर त्याचा जितका भरवसा होता, तितका त्यांच्या पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांचाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे बाईंच्या बिळापाशी आले. सोबत सरपंच भैरवराव गवा होते. भैरवरावांना इंजिनातले काही कळत नसे, म्हणून तेच प्रथम बोलले.

"बाई, गेल्या साली सहा हजार, यंदा नऊ हजार. याला प्रगती म्हणतात. आपला पराग पहिल्या नंबरचा. त्याच्या गाडीनं सहावर अडावं, हे शोभतं का?"

"तुळशीराम, तुझे काय म्हणणे आहे?" बाईंनी विचारले.

तुळशीराम उभा राहिला. बाईंपुढे उभे राहिल्यावर त्याला अजूनही घाम फुटत असे.

"बाई, फेरे दीडपट केले, तर रॉडवरची ओढ दीडपट होत नाही. सव्वादोनपट होते."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. दीड गुणिले दीड, सव्वादोन. उत्तर बरोबर होते. बाईंना ते आवडले नाही.

"पायऱ्या कोठे आहेत?" त्या म्हणाल्या. "नुसत्या उत्तराला मी कधी गुण दिले आहेत काय?"

"पायऱ्या इंजिनात आहेत, बाई. झाकण उघडून दाखवू का?"

"उद्धटपणा नको."

भैरवराव पुढे सरकले. "तेच म्हणतो मी. नापासानं पहिल्या नंबराला मर्यादा घालायची असेल, तर परीक्षा घेतल्या कशाला?"

हा प्रश्न, मुलांनो, बाईंच्या वर्मी लागला. तुळशीराम बरोबर असेल, तर छत्तीस वर्षांची गुणपत्रके काय सांगत होती? बाईंनी परागकडे पाहिले. त्याची शेपटी स्वच्छ होती. तुळशीरामाच्या नखांत ग्रीस होते. बाईंनी पाठीवरचा एक काटा उपटला, शाईत बुडविला आणि सुवाच्य अक्षरांत लिहिले : फेरे नऊ हजार, मंजूर.

तुळशीराम त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग तो गॅरेजात गेला आणि त्याने पहारेकरी हटविला. शब्द म्हणजे शब्द. फक्त रविवारी त्याने सर्वांना बजावले, "बॉनेटच्या उजव्या अंगाला कोणी उभं राहू नका."

शर्यत सुरू झाली. सात हजारांवर कान फाटले. आठ हजारांवर टाळ्या पडल्या. साडेआठ हजारांवर एक कनेक्टिंग रॉड इंजिनाची भिंत फोडून उजव्या अंगाने बाहेर आला आणि एका करवंदीच्या जाळीत जाऊन पडला. पराग सुखरूप होता. केवळ त्याच्या मिशा जळाल्या होत्या. शेजारच्या जंगलातील वत्सलाकाकू अस्वलीण आपल्या साध्या गाडीतून, दोन पिल्लांना मोहाची फुले भरवीत, शांतपणे त्याच्या शेजारून गेल्या.

"काही मदत हवी का रे?" त्यांनी विचारले.

शर्यत वत्सलाकाकूंनी जिंकली.

इंजिनाचे जे झाले, ते झाले. परंतु खरा अनर्थ सोमवारी झाला. बाई बिळाबाहेर आल्या, तर दारात रांग लागली होती. सर्वांत पुढे वाघाचा बछडा होता. आता तो बछडा उरला नव्हता; त्याचे पोट सुटले होते.

"बाई, इंजिनाला तीन हजार वाढवून दिलेत म्हणे. मला एकच हवा होता."

त्याच्या मागे तरस होता. त्याला भूगोलात चार हवे होते. तरसामागे तीन माकडे होती. त्यांना किती हवे, हे त्यांना मोजता येत नव्हते. रांग ओढ्यापर्यंत गेली होती. बाईंनी एकशे बारा प्राणी मोजले. गुण दिले, तर छत्तीस वर्षांचे सारे निकाल खोटे ठरणार. न दिले, तर त्यांनी एकदाच आणि तेही लाडक्यालाच वाढवून दिले, असे जंगल म्हणणार. दोन्हीकडून बाईंवरचा विश्वास संपला होता.

रांगेत तुळशीराम नव्हता. तो मागच्या बाजूने आला. त्याच्या पंजात तुटलेला बोल्ट होता.

"तुझे दोन गुण हवे असतील," बाई खाली पाहत म्हणाल्या.

"नको, बाई. माझं उत्तर तेव्हा खरंच चुकलं होतं."

छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी प्रथमच ऐकले होते. त्यांनी स्वतः तर ते कधी उच्चारलेच नव्हते.

"या वेळी माझे चुकले," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फार लहान झाला होता. "आता रांगेला काय सांगू?"

"नवं इंजिन बसवतोय. त्यावर पहारेकरी पुन्हा सहा हजारांवर ठेवतो. तुम्ही फक्त डायलवरचे आकडे बदलून द्या. दोनाच्या जागी तीन, चाराच्या जागी सहा आणि सहाच्या जागी नऊ."

"मी खोटे आकडे लिहू?"

"नका लिहू. मग एकशे बारा गुणपत्रकं लिहा."

बाईंनी बोल्ट हातात घेतला आणि बराच वेळ उलटसुलट पाहिला. मग त्यांनी विचारले, "ब्रश आहे, की काटाच वापरू?"

पंधरा दिवसांनी परागने नवी गाडी घाटात नेली. काटा नऊवर गेला, पहारेकऱ्याने इंधन तोडले आणि गाडी जशीच्या तशी परत आली.

"हा खरा नऊ हजारांचा जोर!" तो ओरडला. "आधीचा टर्बो तुळशीरामनं नीट बसवलाच नव्हता."

तुळशीरामाने मान डोलावली.

त्याच संध्याकाळी सभा भरली. सभेत असे ठरले की, बाईंनी मंजूर केलेले फेरे नऊ हजारच होते व गाडी त्यांवर उत्तम चालते. सबब बाईंनी कोणासही काही वाढवून दिलेले नाही. रांगेतील सर्वांनी घरी जावे. जंगलातील यापुढील सर्व डायल बाईंच्याच हस्ताक्षरात असावेत. ठराव तुळशीरामाने मांडला. अनुमोदन साळिंदरबाईंनी दिले. भैरवराव सहमत झाले, कारण नऊ हा आकडा सहापेक्षा मोठा होता. पराग सहमत झाला, कारण त्याला तसे जाणवले होते. वाघाच्या बछड्याने विरोधासाठी पंजा वर केला. परंतु बाईंनी त्याच्याकडे पाहताच त्यानेही तो सहमतीचा समजावा, असे सांगितले.

तात्पर्य : मर्यादा पाळा, असे शहाण्याने कोणालाही सांगू नये. तू ती केव्हाच ओलांडली आहेस, असे लेखी द्यावे; मग प्राणी जन्मभर तिच्या आत राहतो आणि इंजिनही टिकते.