बोरवनच्या लाल चिंध्या

एका जंगलात चोऱ्या होत असत, मुलांनो. जंगल म्हटलं की त्या व्हायच्याच. पण या जंगलात त्या मोजल्याही जात, आणि खरी गंमत तिथूनच सुरू होते.

मोजण्याची रीत साधी होती. प्रत्येक वस्तीच्या वेशीवर एक झाड, आणि झाडाखाली चौकी. कुणाचं काही चोरीला गेलं की त्यानं चौकीवर यायचं. हवालदारानं तक्रार ऐकायची आणि झाडाला एक लाल चिंधी बांधायची. पौर्णिमेच्या सकाळी सिंहमहाराज टेकडीवर उभे राहून सगळी झाडं बघत. ज्या झाडाला चिंध्या जास्त, ती वस्ती वाईट. मग चिंध्या सोडायच्या आणि नवा महिना सुरू करायचा. महाराजांना यापेक्षा अवघड हिशेब कुणी शिकवला नव्हता.

बोरवन नावाच्या वस्तीत साळिंदर हवालदार होता. अंगावर काटे, पण स्वभावानं मऊ. त्याला एकच वाईट खोड होती. कुणी तक्रार घेऊन आलं की तो ती ऐकून घ्यायचा. खारीच्या शेंगा गेल्या, बांध चिंधी. सुगरणीचं गवत गेलं, बांध चिंधी. बोरवनचं झाड लांबून पळस फुलल्यासारखं दिसे.

शेजारच्या सोनतळ्याचं झाड मात्र हिरवंगार. तिथला हवालदार कोल्हा. त्याच्याकडे कुणी रडत आलं की तो आधी गूळपाणी द्यायचा. मग आपुलकीनं म्हणायचा, "चोरी झाली? अरेरे! मग ती चोरीला गेलेली वस्तू घेऊन या पाहू. वस्तू बघितल्याशिवाय तक्रार कशी घेणार?"

वस्तू घेऊन परत कुणी येत नसे. तक्रार नाही, चिंधी नाही, चोरी नाही.

एका पौर्णिमेला महाराजांनी दवंडी पिटवली. सोनतळे ही आदर्श वस्ती, महाराज स्वतः तिथे राहायला जाणार. आणि पुढच्या पौर्णिमेला ज्या झाडावर सगळ्यांत जास्त चिंध्या असतील, तिथल्या हवालदाराची बदली दलदलीत.

दवंडी ऐकून साळिंदर तडक घरी आला. दलदलीत बीळ खणलं की पाणी लागतं.

"अहो, पिल्लांना आता पोहायला शिकवू का?" बायको म्हणाली. "चार चिंध्या कमी बांधल्या तर काय बिघडेल तुमचं?"

तेवढ्यात ससेभाऊ आले. कान पडलेले.

"हवालदार, आमच्या सोनीचं जमलेलं लग्न मोडलं. मुलाकडचे म्हणतात, मुलगी छान आहे, पण तुमचं झाड फार लाल आहे."

"वाईट झालं, ससेभाऊ."

"तुम्ही या तक्रारी घेणं बंद करा. वस्तीची अब्रू गेली!"

"बरं. हेच सांगायला आला होतात?"

ससेभाऊ घुटमळले. "तसं नाही. गाजरं गेली हो आमची. टोपलीसकट."

साळिंदरानं आणखी एक चिंधी काढून झाडाला बांधली.

खरं तर साळिंदराला चोरांचा माग कधीच लागला होता. बोरवनात कुठेही चोरी झाली तरी पावलं सोनतळ्याच्याच दिशेनं जात. त्यात नवल नाही. चोरांनाही राहायला शांत वस्ती आवडते. पण ज्या वस्तीत चोरीच नाही, तिथे चोर शोधायला जाण्याची परवानगी नव्हती. त्यानं ती दोनदा मागितली. दोन्ही वेळा कोल्ह्यानं हिरव्या झाडाकडे बोट दाखवलं.

मग एके दिवशी भर दुपारी कुणीतरी डोक्यावरून घोंगडी घेऊन चौकीत शिरलं. घोंगडीखालून आयाळ बाहेर आली होती.

"महाराज, आपण?" साळिंदर ताडकन उठला.

"हळू बोल! मी महाराज नाही. माझा मुकुट गेलाय."

"कुठून?"

"सोनतळ्यातून. अंघोळीला उतरलो, मुकुट काठावर ठेवला. वर येतो तर काठ तेवढा शिल्लक."

"मग कोल्हेसाहेबांकडे..."

"गेलो होतो. त्यानं गूळपाणी दिलं. म्हणाला, मुकुट घेऊन या, तक्रार घेतो. मी गुरगुरलो, तर म्हणाला, महाराजांची आज्ञा असेल तर आत्ता चिंधी बांधतो. फक्त दवंडीत काय सांगायचं तेवढं सांगा. महाराज राहायला आले आणि चोऱ्या सुरू झाल्या, असं?"

"मग?"

"मग काय! गूळपाणी पिऊन आलो." महाराजांनी नजर वळवली. "चोरी तिकडची, पण चिंधी तू इकडे बांध. तुझ्या झाडावर एक जास्त झाली तरी कुणाला कळणार आहे?"

साळिंदराला दलदल आठवली. पिल्लं आठवली. त्यानं चिंधी बांधली.

"आता मला सोनतळ्यात जाऊन शोधावं लागेल," तो म्हणाला.

"जा. पण मी सांगितलं म्हणू नकोस."

साळिंदर पावलांच्या मागोमाग थेट कोल्ह्याच्या चौकीमागच्या ढोलीपाशी पोचला. आत उदमांजरांचं एक कुटुंब सुखानं राहत होतं. त्यांच्या धाकट्या पोरानं मुकुट डोक्यावर चढवला होता. मागे सशाची टोपली, खारीच्या शेंगा, आणि भांड्यांचा ढीग.

सगळा माल बोरवनच्या चौकीत आला. उदमांजरं मात्र तिथेच राहिली, कारण सोनतळ्यात चोर नव्हतेच. ढिगात एक परात होती. साळिंदराच्या बायकोनं ती झटकन पदराआड घेतली.

"ही आपली?" साळिंदर चकित झाला. "तू कधी बोलली नाहीस ती?"

"बोलले असते तर चिंधी बांधली असतीत!"

बातमी पसरली तशी सोनतळ्याची प्रजाही घोंगड्या पांघरून येऊ लागली. त्यांचंही बरंच काही गेलं होतं, कित्येक वर्षं. साळिंदर ऐकत गेला, बांधत गेला. चिंध्या संपल्या तेव्हा बायकोनं परातीकडे एकदा पाहिलं आणि आपलं लाल लुगडं फाडून दिलं.

पौर्णिमा उजाडली. बोरवनच्या झाडाचं पानही दिसत नव्हतं. दरबार भरला. कोल्ह्याला हार घालण्यात आला. साळिंदराची बायको सामानाची गाठोडी बांधूनच आली होती.

"नियम म्हणजे नियम," महाराज म्हणाले. "साळिंदराची बदली..." बोलता बोलता त्यांचा पंजा मुकुटाकडे गेला. मुकुट जागेवर होता. महाराजांनी तो नीट बसवला. "बदली सोनतळ्यात. माझ्या गुहेच्या अगदी शेजारी. ही शिक्षाच समजावी. आणि आमच्या गुणी कोल्ह्यानं बोरवन सुधारावं."

कोल्ह्यानं बोरवन एका महिन्यात सुधारलं. झाड हिरवंगार झालं, सोनीचं लग्न पुन्हा जमलं, आणि उदमांजरांनीही तिकडेच बिऱ्हाड हलवलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ससेभाऊ सोनतळ्याच्या चौकीत धापा टाकत शिरले. डोक्यावर घोंगडी होती.

"या, ससेभाऊ," साळिंदर म्हणाला. "काय गेलं?"

"रुखवत गेलं हो सगळं! पण चिंधी इकडेच बांधा बरं का. आमची वस्ती आता चांगली आहे."

तात्पर्य : लेक नेहमी हिरव्या झाडाच्या वस्तीत द्यावी. फक्त रुखवत लाल झाडाच्या वस्तीत ठेवावं.