हत्तिणीचा उचललेला पाय

मुलांनो, एक पाय वर धरून तुम्ही किती वेळ उभे राहू शकाल? करून बघा, मी थांबते. दमलात ना? मग आता मांडी घालून बसा आणि ऐका.

एका जंगलात एकच तळं होतं आणि ते आटत चाललं होतं. फार पूर्वीही ते असंच आटलं होतं म्हणे. तेव्हा एका म्हाताऱ्या हत्तिणीने पाणी शोधून काढलं होतं. ती गोष्ट आता फक्त शेषराव वानरांना ठाऊक होती. त्यांच्या आजोबांनी ती त्यांना सांगितली होती. म्हणून सगळ्या प्राण्यांनी त्यांना गळ घातली, की शेषूकाका, ती गोष्ट सांगा, म्हणजे पाणी कुठे आहे ते आम्हाला कळेल.

संध्याकाळी सगळे एका मोठ्या जांभळीखाली जमले. गोष्ट सांगणाऱ्याचा मान म्हणून प्रत्येकाने एकेक रसाळ फळ आणलं. शेषराव खडकावर बसले.

त्या जंगलात गोष्ट ऐकायची एक रीत होती. सांगणाऱ्याने एक वाक्य बोललं की ऐकणाऱ्यांपैकी एकाने 'हं' म्हणायचं. रोज एकाची पाळी. 'हं' आला की गोष्ट पुढे जाई. 'हं' तुटला, तर ऐकणारे कंटाळले असं समजायचं आणि सांगणाऱ्याने तिथल्या तिथे शेवट सांगून उठायचं.

पहिल्या दिवशी हत्तीण घरातून निघाली, रानोमाळ फिरली, एका झाडाखाली येऊन थांबली. तिने पुढचा उजवा पाय वर उचलला.

"आणि तो पाय तिने कुठे टेकवला," शेषराव म्हणाले, "ते उद्या."

प्राणी अगदी हरखून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा फळं आणली.

दुसऱ्या दिवशी पाय वरच होता. तो बघून झाडावरच्या कावळ्याला काय वाटलं, ते शेषरावांनी सांगितलं. मग कावळ्याच्या सासूला काय वाटलं, ते सांगितलं. पुढच्या दिवसांत हत्तिणीचं बालपण आलं, कारण तेव्हा तो पाय लहान होता. मग तो पाय बघायला जमलेल्या प्रत्येक प्राण्याचा चेहरा कसा झाला, ते एकेक करून आलं, आणि कुणाचा राहून गेला असेल म्हणून पहिल्यापासून पुन्हा आलं. एकदा तर पाय खरोखर खाली आला. सगळे उठून उभे राहिले. पण ते हत्तिणीला पडलेलं स्वप्न होतं.

त्या गर्दीत भुरकी नावाची सशीण होती. हत्तिणीने पाय उचलला तेव्हा भुरकीची पिल्लं अंगावर पीत होती. आता ती गवत खायला लागली, तरी पाय वरच. तळ्यात आता एक बेडूक उतरला की दुसऱ्याला काठावर थांबावं लागे. भुरकीचं धाकटं पिल्लू आधी तहानेने रडायचं. आता ते रडेनासं झालं होतं.

भुरकीने हळूच विचारलं, "शेषूकाका, पाय टेकणार कधी?"

"अगं भुरके, तुला कसली घाई?" रानडुक्कर म्हणाला. "पाणी काय, आज ना उद्या मिळेल. त्या बिचारीच्या मनात काय चाललंय ते ऐक की." बोलताना त्याची स्वतःची जीभ हातभर बाहेर लोंबत होती.

साळूबाई साळिंदर म्हणाली, की तिला तर कावळ्याच्या सासूच्या काळजीने झोप लागत नाही.

आणि मग 'हं' म्हणायची पाळी भुरकीवर आली.

शेषरावांनी एक फळ खाल्लं, तोंड पुसलं आणि सुरुवात केली. "तर बरं का, वारा सुटला."

भुरकी गप्प.

"वारा सुटला, म्हणतोय मी."

भुरकीने धाकट्याला पोटाशी घेतलं आणि तोंड घट्ट मिटलं.

रानडुक्कर घाईघाईने 'हं' म्हणाला. पण पाळी त्याची नव्हती. रीत म्हणजे रीत. शेषरावांनी उरलेल्या फळांकडे एकदा पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"पाय टेकवला. माती मऊ लागली. खणलं. पाणी लागलं. संपली."

"कुठे खणलं?" भुरकीने विचारलं.

"इथेच. ह्याच जांभळीखाली."

एकच कालवा झाला. रानडुक्कर म्हणाला, शेवट अगदीच गुंडाळला. साळूबाई रडायलाच लागली, की कावळ्याच्या सासूचं पुढे काय झालं ते राहूनच गेलं. इतक्या चांगल्या गोष्टीचं मातेरं केलं म्हणून सगळे भुरकीला बोल लावू लागले. पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

भुरकी बसली होती तिथेच माती उकरू लागली.

रानडुकराएवढं मजबूत नाक त्या जंगलात कुणाचं नव्हतं. एका दमात खड्डा करील असं. तो उठून भुरकीजवळ आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "जरा हळू खण गं बाई. शेषूकाका डाव्या पायाची गोष्ट सुरू करतायत."

तात्पर्य: गोष्ट कधीही संपवू नये. गोष्ट संपली की ऐकणाऱ्यांवर खणायची वेळ येते, आणि रसिकांना असा त्रास देणं बरं नव्हे.

भुरकीचं काय झालं म्हणता? दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी आलं होतं, आणि सगळ्यांत आधी ते धाकटं प्यालं.