बाईंनी घातलेलं गाऱ्हाणं

समीक्षाबाईंचा पहिली-दुसरीचा वर्ग भरला की खाजणवाडीतली कुत्री शाळेपासून लांब जाऊन झोपत. पोरं मोजकीच, पण आवाज अख्ख्या तालुक्याचा. भक्ती नावाची एक मुलगी बाईंची पाठ फळ्याकडे वळली रे वळली की भुंकायची. विचारलं तर म्हणायची, "मी नाय बाई, पोटातलो कुत्रो." दोघेजण केरसुणीवर बसून वर्गभर होडी वल्हवायचे. आणि देवेश खिडकीत बसायचा. तिथून तो रस्त्याला वर्गातली बातमी द्यायचा आणि वर्गाला रस्त्यावरची. "बाई, मासळीची गाडी इली, बांगडो आसा." "बाई, गुरुजींनी इस्त्रीची पँट घातल्यानी, आज सायब येतलो." बातमी नेहमी खरी निघायची, हीच मोठी अडचण होती. खोटी असती तर तेवढ्यावरून तरी रागावता आलं असतं.

बाई घाटावरच्या, सांगोल्याकडच्या. मुलांना शिस्त कशी लावावी या विषयात त्यांना डी.एड.ला चांगले गुण होते. छडीला कायद्याने बंदी, आणि नसती तरी बाईंच्या हातून ती उठली नसती. त्यांनी चांदण्यांचा तक्ता करून पाहिला. जो शांत बसेल त्याला चांदणी. देवेशने चांदण्या चाटून कपाळाला लावल्या आणि उरलेल्या इतरांना वाटल्या. मग तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. मुलांनी ठेवलं, पण शेजाऱ्याच्या तोंडावर. शेवटी बाईंच्या हाती एकच उपाय उरायचा. त्या ओरडायच्या. त्या ओरडल्या की वर्ग गप्प व्हायचा आणि त्यांनी श्वास घेतला की पुन्हा सुरू व्हायचा.

त्या महिन्यात गावच्या एका मुंबईकराने शाळेला मोठा टीव्ही दिला. मुख्याध्यापक सत्यवान परब गुरुजी म्हणाले, "देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पिन लावायची नाही." शाळेत खिचडी शिजवणाऱ्या तुळसाकाकीचे यजमान, महादूकाका, धुतलेलं धोतर नेसून आले. नारळ हातात घेऊन त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," मुलं एका सुरात म्हणाली.

"आज तुज्या ह्या लेकरांच्या शाळेत ह्यो जो काय टीव्ही इलेलो आसा…"

"व्हय म्हाराजा."

"तेच्यार जो कोण वाकडी नजर टाकीत, तेका तू बघून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

समीक्षाबाई टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्या मुलांकडे बघत होत्या. भक्तीचे हात जोडलेले. होडीवाले दोघे सरळ उभे. देवेश खिडकीत नव्हता, जमिनीवर होता, डोळे मिटून. कुणी काही सांगितलं नव्हतं, चांदणी दिली नव्हती. इथली मुलं बोलायला शिकतात ती बहुतेक या एका होकारापासूनच, आणि तो देताना कुणी हलायचं नसतं हे त्यांना आईच्या कडेवरच कळलेलं असतं. घाटावरून आलेल्या बाईंना ते आत्ता कळलं. कळल्यावर त्यांच्या जिवाला जो गारवा वाटला, तो टीव्ही बघून गुरुजींनाही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भुंकणं सुरू झालं तशा बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी हात जोडले.

"बा देवा महाराजा…"

वर्गात वारा पडल्यासारखं झालं. "व्हय म्हाराजा."

"आज ही मुलं पुस्तकं काढणार आहेत…"

"व्हय म्हाराजा." पुस्तकं निघाली.

"आणि देवेश खिडकीतून खाली उतरणार आहे…"

"व्हय म्हाराजा," म्हणत देवेश उतरला. गाऱ्हाणं चालू असताना वर कोण बसतं?

आठवडा असा गेला की गुरुजी दारात येऊन बघून गेले. "बाई, वर्ग सहलीला नेलात की काय?"

यश आलं की माणूस त्यात थोडी भर घालतो. बाईंनीही घातली. मूळ गाऱ्हाण्याला शेवटी एक झणका असतो, तो आपल्याकडून राहिलाय असं त्यांना वाटलं. गुरुवारी प्रार्थनेनंतर त्यांनी तो जोडला. "आणि आज जो कोणी या वर्गात गोंधळ घालील, त्याला तू बघून घे रे महाराजा."

"व्हय म्हाराजा," मुलं म्हणाली, पण जरा दबकत.

चुलीपाशी तुळसाकाकीचा डाव थांबला. ती पदराला हात पुसत दारात आली.

"बाई, ता शेवटचा कित्याक बोललात?"

"महादूकाका म्हणाले होते की."

"ते टीव्हीसाठी बोलले. टीव्हीक मस्ती येता काय? पोरांक येता."

बाई हसल्या. काकी हसली नाही.

दुपारी व्हायचं ते झालं. देवेशला खाडीत कुणाचीतरी होडी उलटलेली दिसली आणि त्याला राहवलं नाही. सगळा वर्ग खिडकीला लोंबकळला, भक्तीच्या पोटातला कुत्रा सुटला, आणि सकाळपासून घशात खवखव असलेल्या बाई "गप्प बसा" म्हणून अशा ओरडल्या की उलटलेल्या होडीवरच्या माणसाने पोहायचं थांबून मागे वळून पाहिलं.

शुक्रवारी सकाळी बाईंचा घसा पार बसला होता. तोंडातून नुसता वारा येत होता. आणि देवेश जमिनीवर, आपल्या जागेवर, हात जोडून गप्प बसला होता. त्याने हजेरीला मान हलवली. खिचडी संपवली. संध्याकाळी तसाच घरी गेला. शनिवारीही तोच प्रकार. त्याचं बघून बाकीचेही गप्प झाले. भक्तीनेसुद्धा तोंड उघडून पुन्हा मिटलं.

शुक्रवारचा पहिला तास बाईंनी आनंदात घालवला. दुसऱ्या तासाला त्यांना वर्गातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. या वर्गातलं घड्याळ वाजतं हे त्यांना माहीतच नव्हतं. सुट्टीत गुरुजींनी विचारलं, "आज बांगडे नाही घेतलेत?" गाडी येऊन गेली होती. बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी शाळा सुटताना देवेशची आई स्वप्ना आली. ती भांडायला आली नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं.

"बाई, माजो झील दोन दिस बोलूक नाय."

"घरीसुद्धा?" बाईंनी वारा काढला.

"घरी काय, बापाशी होडयेर गेलो तरी नाय. त्याच्या म्होरून डॉल्फिन गेलो, गप. मालवणात नेलंय. डॉक्टरान बॅटरी मारून बघल्यान, म्हणालो घसो बरो आसा. उलट माकाच म्हणालो, तुमचा नशीब, माजो झील गप बसना नाय." मग ती मुद्द्यावर आली. "तुमी गाऱ्हाणा घातलात म्हणतत वाडयेत. मी तुमका बोल लावणंय नाय. पण घालता तेनाच काढूक व्हया बाई. दुसऱ्या कोणाच्यान ता निघना नाय."

बाईंना पुस्तकातली बरीच उत्तरं आठवली. ती त्यांनी पुस्तकातच ठेवली. आपण घातलेला धाक त्या पोराच्या घशात जाऊन बसलाय, एवढं त्यांना दिसत होतं. तो निघावा, बाकी काही नको. त्यांनी मान हलवली.

गुरुजींना घाम फुटला. ऑफिसातली भाषा त्यांच्या तोंडी आपोआप येई. "बाई, हे अंधश्रद्धेत बसतं की लोकपरंपरेत, हे मला वरून विचारतील. आपण असं करू, याला पालकसभा म्हणू." देवळात घ्यावं तर बायकांनी देवळात गाऱ्हाणं घालायचं की नाही यावर वाडीत दोन पक्ष पडले. महादूकाकांनी निकाल दिला, "घातला वर्गात, तर काढूचा पण वर्गातच. रवळनाथाक शाळा म्हायत आसा, त्याच्याच जमनीर आसा."

सोमवारी सकाळी पहिली-दुसरीच्या वर्गात सगळी वाडी बसली. जागा नव्हती, म्हणून दोन माणसं खिडकीत बसली. एकाचा मोबाईल वाजला, तो तिथूनच मुंबईला बोलू लागला. बायकांत कोळंबीच्या भावावरून सुरू झालं. मागच्या भिंतीला टेकलेल्या दोघांनी एकमेकांना चिमटे काढले. नव्या टीव्हीचं बटण कुणीतरी दाबून पाहिलं. समीक्षाबाई पुढे उभ्या राहून हात वर करत होत्या, "शांत बसा" म्हणत होत्या, आणि त्यांच्या तोंडून वारा निघत होता. सगळ्या वर्गात शांत एकटा देवेश बसला होता, आईच्या मांडीला लागून, मोठ्या माणसांकडे बघत.

शेवटी तुळसाकाकीने डाव पातेल्यावर आपटला. "गप रवा रे मेल्यांनो. पोरा बरी तुमच्यापरास. बाई, तुमी हळू बोला, मी मोठ्यान सांगतंय."

बाईंनी हात जोडले आणि कुजबुजल्या. काकीने ते वाडीला ऐकवलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली आणि खिडकीतले दोघेही खाली उतरले.

"ही घाटावरची बाई आसा, तिका हयली रीत म्हायत नाय…"

"व्हय म्हाराजा."

"मी तसं म्हटलं नाही," बाई कुजबुजल्या.

"तुमचा म्हणूचा रवला होता," काकी म्हणाली. "फुडे बोला."

बाई बोलल्या. बोलताना त्या देवाकडे बघत नव्हत्या, कारण वर्गात देव नव्हता. त्या देवेशकडे बघत होत्या. काकीने या वेळी स्वतःचं काही घातलं नाही. "तिच्या तोंडातसून जा काय वाकडा गेला, ता तू पोटात घाल. पोरांनी मस्ती करूची नाय तर कोणी करूची? ह्या लेकराचो आवाज तेका परत दी. खिडकेत बसलो तरी चलात. तेका पयल्यासारखो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

 मग कोळंबीचा भावसुद्धा थांबला. सगळे देवेशकडे बघत राहिले. तो गप्पच होता. स्वप्नाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

देवेश उठला. माणसांच्या पायांतून वाट काढत तो बाईंपाशी आला आणि त्यांची ओढणी ओढली. बाई वाकल्या. तो त्यांच्या कानाशी कुजबुजला, दोन्ही हातांचा आडोसा करून.

"बाई, तुमचो आवाज देवान परत दिल्यान?"

"नाही रे. येईल चार दिवसांत."

"मगे मी आजून गप रवतंय."

"का?"

"मी वरडलंय की तुमी वरडतास."  पुढचं बाईंना लागेल असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने ओढणी सोडली नाही. "वर्गात सगळ्यात मोठ्यान तुमीच वरडतास बाई. म्हणान देवान तुमका बघून घेतल्यान. आता आनी वरडलात तर काय करीत, सांगूक येना नाय."

बाई तशाच वाकून राहिल्या. तीन दिवस वाडी या पोराच्या घशाची काळजी करत होती आणि तो त्यांच्या घशाची. डॉल्फिन समोरून गेला तरी.

"काय म्हणता तो?" काकीने विचारलं. बाईंनी हातानेच थांबवलं.

"आणि मी ओरडलेच नाही तर?" त्या कुजबुजल्या.

देवेशने विचार केला. तो खरंच विचार करत होता, भुवया जवळ आणून. "कदीच?"

"कधीच."

"मगे काय हरकत नाय," तो म्हणाला. पण बाईंच्या नुसत्या शब्दावर सोडायला तो तयार नव्हता. त्याने वर्गाकडे तोंड केलं, हात जोडले, आणि तीन दिवस साठलेला सगळा आवाज एकदम बाहेर काढला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा…"

स्वप्नाने पदर तोंडाला लावला. "व्हय म्हाराजा," लोक गडबडीने म्हणाले.

"आमच्या बाई आजपासून वरडूच्या नायत म्हाराजा…"

पोरांनी, आयांनी, महादूकाकांनी होकार भरला. पण सगळ्यात मोठा, मनापासून आलेला "व्हय म्हाराजा" परब गुरुजींचा होता. त्यांचं ऑफिस बाईंच्या वर्गाच्या भिंतीला लागून होतं.