शमुवेलकाकांची मंडळी

रविवारी उपासनेला दांडी मारली की जेवायच्या वेळेला शमुवेलकाका सायकलवरून हजर. दार वाजवणं नाही, हाक नाही, थेट खिडकीतून डोकं आत आणि प्रश्न, "जिता हायस ना?"

मंठ्याचं आमचं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली आणि मोजकी घरं. काका तिथली घंटा वाजवायचे, सतरंज्या अंथरायचे. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना यांचे मात्र टक्क उघडे. नव्या पाळकसाहेबांनी एकदा टोकलं, तर म्हणाले, "डोळे मिटल्यावर कोण आलं न्हाई ते कसं दिसंल?"

एकदा मी जुलाबाने बेजार होऊन घरी राहिलो. काका संडासाच्या दारापर्यंत आले. "जिता हायस ना? बराबर सांग!" आतून ओ देताना जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. मला त्यांचा भारी राग यायचा.

तो राग गेला पाळकसाहेबांच्या एका साध्या प्रश्नामुळे. त्यांनी चर्चला येणाऱ्या लोकांबद्दल सहज विचारलं, "काय काका, मंडळी कशी आहे?" पण काका जुन्या वळणाचे, बायकोला मंडळी म्हणणारे.

"मंडळी गेली, साहेब."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "अख्खी? कुणाकडे?"

"प्रभूकडं."

मी फिस्सकन हसलो आणि लगेच गप्प झालो, कारण काका सांगायला लागले होते. "लई सालं झाली. एका ऐतवारी तिचं डोकं दुखून राह्यलं होतं. म्हनलो, पडून राहा. इकडं प्रार्थना लांबली. मधून उठावं कसं, म्हनून बसलो. आमेन म्हनून घरी गेल्तो, तं मंग..." ते सतरंजीची घडी घालू लागले.

त्यानंतर खिडकीत डोकं दिसलं की मी आधी चहा ठेवायला सांगायचो.

आणि एका रविवारी घंटाच वाजली नाही. सतरंज्या कोपऱ्यात तशाच गुंडाळलेल्या. "वाटूरला बहिणीकडं गेले असतील," कुणीतरी म्हणालं. फोन तेव्हा फक्त पोस्टात, आणि पोस्ट बंद. आम्हीच सतरंज्या अंथरल्या. प्रार्थना सुरू झाली आणि माझे डोळे काही मिटेनात. बघतो तर सगळेच दाराकडे बघत होते. पाळकसाहेब "हे प्रभू" म्हणून थांबले, उठले आणि चपला शोधू लागले.

अख्खं चर्च रस्त्याने निघालं. काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं, पण ते उघडायचा धीर कुणालाच होईना. शेवटी मीच खिडकीतून डोकं आत घातलं.

"काका... जिते आहात ना?"

खाटेवरची गोधडी हलली. "हाय. ताप हाय जरा." मग घाबरून, "इतक्या जल्दी कसे? आमेन झालं का?"

"नाही," मागून पाळकसाहेब म्हणाले. "मधूनच उठून आलो."

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बराच वेळ नुसते खांदे हलत राहिले.

"या ना मंग आत," ते पाठमोरेच म्हणाले. "लई दिवसांनी घरात मंडळी आली."

राहिलेली प्रार्थना खाटेभोवती उभं राहून झाली. काकांचे डोळे मिटलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.