पाखरी घोडीच्या लंगडण्याची हकीकत

श्री. ज्याने घोड्यास पाय चार दिले आणि घोडेवाल्यास काळीज एकच दिले, त्या कर्त्यास नमन करोन ही हकीकत लिहिली ऐसी जे: शके सतराशे तीन, प्लवनाम संवत्सरे, श्रावणमासी, ज्या राज्याचे नाव घेण्याचे कारण नाही त्या राज्यात खेमाजी पांढरमिसे म्हणोन शिलेदार होते. शिलेदाराने घोडे आपले बाळगावे आणि चाकरी सरकारची करावी, ऐसी रीत. घोडे निकामी जाहले तर हजिरीपटावरोन नाव जावे आणि सरकारी पागेतील कोण्या परक्या घोड्यावर बारगीर होऊन बसावे, ते खेमाजीस मरणाहून जड. तयांची घोडी पाखरी, अंगे तांबडी, कपाळी पांढरा टिकला. तिची आई विताच गेली, तेव्हा खेमाजींनी शेळीच्या दुधात चिंधी भिजवोन तीस वाढविले आणि लाड इतके केले की खेमाजी धनी आणि पाखरी चाकर हा फक्त लोकांचा समज राहिला, घोडीचा नव्हे. शीळ घातल्यावाचून तिणे पाणी पिऊ नये, छत्री दिसताच दोन हात मागे सरावे, आणि पाहुणा गोठ्याजवळ गाफील उभा राहिला तर त्याचे पागोटे चावोन ओले करोन परत द्यावे, ऐसा तिचा शिरस्ता होता.

श्रावण वद्य पंचमीस घोडीच्या पुढल्या डाव्या खुरात बाभळीचा काटा मोडला आणि ती खरोखर लंगडली. मग बुऱ्हाणखां सालोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, बोलाविले. खांसाहेबांनी काटा काढिला आणि हळद-चुन्याचा लेप दिला, आणि घोडी पाय धरू देईना म्हणोन तिच्या तोंडी गुळाचा खडा दिला. तीन दिवसांत जखम भरोन आली. चौथे दिवशी खेमाजी गोठ्यात गेले तो घोडीने पाय पुन्हा उचललेला, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. पुन्हा लेप जाहला आणि पुन्हा गूळ जाहला. ऐसे पंधरा दिवस चालिले. मग एके दिवशी सकाळी डावा पाय लंगडला आणि सांजेस उजवा. सालोत्री दोन्ही खूर ठोकून पाहोन बोलिले, "खेमाजीबाबा, मला तर चारी पाय धड दिसतात." खेमाजी बोलिले, "खांसाहेब, दुखणे फिरते आहे. हा वात असावा." मग वातावर म्हणोन रोज तूप-गुळाची लापशी सुरू जाहली. पाटीभर लापशी घोडीने चाटून पुसून खावी आणि दुसरे दिवशी अधिक लंगडावे. आश्विनात खंडेनवमीस साऱ्या घोड्यांची पाहणी व्हावयाची होती, आणि लंगडे जनावर त्या दिवशी पटावरोन कमी होत असे. म्हणोन खेमाजीस अन्न गोड लागेना.

आश्विन शुद्ध तृतीयेस भर दुपारी लापशीने आपले काम केले. घोडीचे पोट नगाऱ्यासारखे फुगले, अंगास घाम सुटला, वळोन वळोन आपल्याच कुशीकडे पाहू लागली आणि जमिनीवर अंग टाकू लागली. सालोत्री धावत आले. ओवा, हिंग आणि काळे मीठ कोमट पाण्यात कालवोन बांबूच्या नळीने पाजिले आणि बोलिले, "लोळू देऊ नका, चालवत राहा. आतड्यास पीळ पडला तर माझ्या हाती काही नाही." मग खेमाजींनी लगाम धरिला आणि अंगणात फेरे घालू लागले. डोळ्यांस धारा लागल्या होत्या आणि त्या पुसावयास हात मोकळा नव्हता. मनात म्हणाले की बारगीर होईन, पायी चालेन, परंतु ही राहो. चार घटका ऐसे फिरल्यावर घोडीने शेपटी उचलोन अंगणाच्या मध्यभागी भरपूर लीद टाकिली, आणि ती पाहोन खेमाजीस गड सर जाहल्याचा आनंद जाहला.

खेमाजीच्या पत्नी सगुणाबाई दारात उभ्या राहोन सर्व पाहात होत्या. त्या बोलिल्या, "इकडून एक ध्यानी आले का? इतके फेरे जाहले, घोडी एकदाही लंगडली नाही."

"पोटाचे दुखणे मोठे, म्हणोन पायाचे विसरली असेल."

"बरे तर. उद्या सकाळी मी दाखवीन."

सकाळी घोडी हुशारीत होती. सगुणाबाई पदराआडून गुळाचा खडा काढोन पुढे जाहल्या, तो घोडीने उजवा पाय उचलोन केविलवाणे तोंड केले. खडा पदराआड गेला, पाय खाली आला. खेमाजी ओट्यावर मटकन बसले. सव्वा महिना एका जनावराने आपणास बनविले याची लाज वाटली, आणि आपली पाखरी इतकी हुशार याचा अभिमान त्याहून अधिक वाटला. मग घरात गुळास सक्त बंदी जाहली आणि पाच दिवसांत घोडी हरणीसारखी पळू लागली.

खंडेनवमीस मैदानात पाहणी जाहली. नरहरपंत हजिरनीस, फौजेचा पट राखणारे, जातीने बसले होते. पाखरीने तीन फेरे ऐसे मारिले की शेजारचे शिलेदार आपली घोडी पाहावयाची विसरले. पंत प्रसन्न जाहले. आता त्या राज्यात जुना रिवाज ऐसा की पाहणीत उतरल्या घोड्यास हजिरनिसांनी आपल्या हाते गूळ भरवावा. खेमाजींनी सर्व विचार केला होता, हा रिवाज मात्र ध्यानी राहिला नव्हता. पंतांनी ताटातील खडा उचलिला आणि पाखरीने डावा पाय उचलिला.

पंतांनी खडा ताटात ठेवोन लेखणी हाती घेतली आणि बोलिले, "शिलेदार, घोडी लंगडी आहे."

खुरात खडा रुतला म्हणावे, आताच मुरगळला म्हणावे, ऐशा दोन सबबी खेमाजीच्या ओठी आल्या. परंतु घोडीने केलेले सोंग पाहता आपण आणिक सोंग करावे हे तयांस बरे वाटेना. बोलिले, "पंत, घोडी धड आहे. गुळासाठी लंगडते. मीच बिघडविली. ताट झाकावे आणि पाहावे."

पंतांनी ताटावर उपरणे टाकिले, पाय खाली आला. उपरणे काढिले, पाय वर आला, आणि घाईत या खेपेस उजवा आला. पंत तीन वेळा झाकोन आणि उघडोन पाहते जाहले आणि मग हसता हसता तयांचे पागोटे ढिले जाहले. लेखणी खाली ठेवोन बोलिले, "तीस वर्षे दरबारात काढिली, खेमाजी. ताट दिसताच लंगडणारे कितीक पाहिले. त्यांची नावे कमी केली तर उद्या कचेरीत झाडावयास माणूस उरणार नाही. ही तर ताट झाकताच सरळ चालते. हिचे नाव राहू द्या." ऐसे म्हणोन गूळ भरविला. दरबारी मंडळी जवळच होती, ती त्या दिवसापासोन आठ-दहा दिवस फार सरळ चालत होती म्हणतात.

तात्पर्य, खेमाजी शिलेदार होते ते शिलेदार राहिले आणि पाखरीने पुढे अकरा वर्षे चाकरी केली. त्या अवधीत लंगडणे तिणे सोडिले नाही आणि गूळ देणे खेमाजींनी. कळावे.